आप्पांच्या मरणाची तालीम

आमचे आप्पा दर वर्षी एकदा मरतात. सर्वपित्री अमावस्येला, सकाळची न्याहारी झाल्यावर. न्याहारी आधी उरकून घेतात, कारण उपाशीपोटी मरणं त्यांना पटत नाही.

ओसरीवर बाज टाकली जाते. आप्पा डोक्याचा पटका काढून उशाशी ठेवतात, धोतर सारखं करतात, आडवे होतात, दोन्ही हात पोटावर घेतात आणि डोळे मिटून जाहीर करतात, "हां. मी मेलोय. आता बोला." मग ते खरोखरच गेले असं धरून आम्ही घरच्यांनी पुढचं सगळं करून दाखवायचं. पहिला फोन कुणाला, कपाटाची चावी कुठं, मरणाचा दाखला कोण काढणार, बँकेत कोण जाणार, तलाठ्याकडं कोण, आणि या सगळ्या गडबडीत म्हशीची धार कोण काढणार. कुणी चुकलं की प्रेत बाजेवरून ओरडतं.

पहिल्या वर्षी शेजारचे गेणूभाऊ काही कामानं आले. आप्पा आडवे, डोळे मिटलेले, आणि आम्ही शेजारी बसून दाखल्याच्या प्रती किती काढायच्या यावर वाद घालतोय, हे त्यांनी पाहिलं आणि चपला हातात घेऊन मागच्या मागं पळाले. दुपारपर्यंत आमचं अर्धं गाव, वडगाव रासाई, दारात. आप्पा ज्याला त्याला चहा देत सांगत होते, "आज न्हाई, आज न्हाई. तालीम होती."

"पण अमावस्येलाच का, आप्पा?" मी विचारलं.

"त्या दिवशी मेलेली माणसं जेवाय येत्यात. त्यांच्या पंगतीत एखादा जिवंत बसला तर कोण बघतंय?"

मी दत्ता. आप्पा माझे सख्खे चुलते. मी शिरूरला राहतो, रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, पन्नाशी गाठली आहे. आप्पांना मूलबाळ नाही. आमची आई लवकर गेली, त्यामुळं मी आणि माझी धाकटी बहीण मंदा, दोघंही आप्पा-काकींच्याच हाताखाली वाढलो. मंदाचं नाव इथं नुसतं सांगून ठेवतो. पुढं ते घ्यावंच लागणार आहे. टाळता आलं असतं तर हे लिहायला बसलोच नसतो.

आप्पांच्या या खुळाला कारण घडलं आमच्या आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं जाणं. आबा धट्टेकट्टे होते, उसाला पाणी देऊन आले, आडवे झाले आणि गेले. कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. बँकेत गेलो तर खात्यावर नॉमिनी म्हणून आजीचं नाव. आजी कधीच गेलेली. नदीवरची मोटर आजोबांच्या नावावर, आजोबा त्याच्याही आधी गेलेले. "तुमच्या घरात मेलेली माणसंच कारभार बघत्यात का?" असं तो बँकेतला पोरगा म्हणाला. आप्पा तिथंच बाकावर बसले होते. त्यांना ते फार लागलं. घरी येताना एसटीत ते एवढंच म्हणाले, "माझ्या मागं असला तमाशा नको."

आम्ही सगळे तेच कारण धरून चाललो होतो.

त्यानंतर आप्पांनी मृत्युपत्र करायचं घेतलं. शिरूरच्या वकिलांकडं मीच त्यांना घेऊन गेलो. वकिलांनी विचारलं, "इस्टेट काय काय?" आप्पांनी सुरू केलं. नदीकडंची जमीन, मोटर, दोन म्हशी, बैलगाडीची चाकं ("गाडी मोडली, पर चाकं बाभळीची हायत"), काकीच्या नथीबद्दल एक खुलासा ("ती तिचीच हाय, माझ्यात धरू नका"), आणि शेवटी, "गेणूबरोबरचं बांधाचं भांडण. ते दत्तानं चालवावं. मिटवू नये."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "आप्पा, भांडण मृत्युपत्रात लिहिता येत नाही."

"मग ते कुणाला जाणार?"

"ते न लिहिताच जातं," वकील म्हणाले.

आप्पांना वकील तिथून पुढं फार हुशार वाटायला लागले.

पहिलं मृत्युपत्र वाया गेलं. साक्षीदार म्हणून आप्पांनी आपल्या बरोबरीचे दोन दोस्त नेले होते. दोघंही एका पावसाळ्यात आटोपले. "माझ्या मरणाचे साक्षीदार माझ्याच आधी पळाले," असं ते जो भेटेल त्याला सांगत. तसं ते मृत्युपत्र कायद्यानं रद्द झालं नव्हतं, पण उद्या ते खरं की खोटं हे कोर्टात सांगायला कोण येणार, असं वकील म्हणाले. दुसऱ्या खेपेला आप्पा मलाच साक्षीदार करायला निघाले. वकिलांनी हात जोडले. ज्याला मिळायचंय त्यानंच साक्ष दिली की उद्या भांडणाला तोंड फुटतं. दुसरी माणसं आणा, तरणी आणा, आणि सही करताना त्यांनी एकमेकांसमोर हजर राहावं. मग डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?" आप्पा म्हणाले, "तुमालाच म्हाईत न्हाई, तर तुमी माझं काय तपासताय?" दाखला लगेच मिळाला.

मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं आणि शेवटचं तेवढं खरं धरतात, हे कळल्यापासून मात्र आप्पांच्या हातात चाबूकच आला. आमच्याकडं वाटे गुंठ्यांत मोजतात. आप्पा उसाच्या सऱ्यांत मोजतात. ते बोलत असताना मी मोबाइल बघितला, की "दत्ता, एक सरी कमी." माझी बायको सुनंदा चहात साखर जास्त घालते, की "सुनबाई, दोन सऱ्या वाढल्या." डॉक्टरनं साखर बंद केल्याचं काकीनं सांगितलं, की "हिच्या बी कमी." एका वर्षी सुनंदानं हिशेब लावून बघितला तर माझ्या वाट्याची सगळी जमीन संपून मीच आप्पांच्या शेतात अतिक्रमण करून बसलो होतो. प्रत्यक्षात कागदावर त्यांनी कधी एक ओळ बदलली नाही, हे वकिलांनी मला नंतर सांगितलं.

लग्नाकार्यात तर त्यांना नेणं आम्ही बंदच केलं. भावकीतल्या एका लग्नात आप्पा स्टेजवर गेले, नवरदेवाच्या हातात आहेर दिला आणि मोठ्यानं म्हणाले, "कंपनीतल्या फंडावर नाव कुणाचं हाय? आईचं? उद्याच्या उद्या बायकोचं टाक. आजपासून हिचं कोण हाय?" नवरदेवाची आई मागंच उभी होती. फोटोग्राफरनं तो प्रसंग पूर्ण टिपला आहे. त्या बाईंचा एकाही फोटोत हसरा चेहरा नाही.

खुळ्यासारखं वागतात, पण तालमीत त्यांची शिस्त कडक. डोळे मिटलेले ठेवून ते प्रश्न विचारत जातात आणि आम्ही शाळेतल्यासारखी उत्तरं देतो.

"बँकेत ज्याचं नाव लावलंय तो मालक का?"

"न्हाई."

"मग कोण?"

"मेंढक्या."

हे त्यांनी स्वतः बसवलेलं. आम्ही मूळचे मेंढरांमागचे. आजोबांपर्यंत घर पाठीवर होतं. भीमेकाठी जमीन धरली ती पुढं. आप्पा पोरवयात मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत गेलेले. त्यामुळं नॉमिनी म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला असं समजावलं: कळप ज्याच्या हातात दिला तो राखतो, चारतो, आणि ज्याची त्याची मेंढी ज्याला त्याला मोजून देतो. त्याच्या हातात काठी आहे म्हणून मेंढरं त्याची होत नाहीत.

"माझं खातं बंद पडलं, तर तुझी काकी दुसऱ्या दिवशी तेलमीठ कशानं आणणार?"

"तिचं खातं येगळं काढलंय."

"माझ्या मागं जमीन आधी कुणाची?"

"काकीची. ती हाय तवर."

"तिला इचारल्याबिगर बांधावरचं झाड तोडायचं?"

"न्हाई."

या सगळ्यात विधवेची भूमिका करायला काकी कधीच बाहेर आली नाही. आतून तिचा आवाज येतो, "मला पुरणाचा घाट हाय. तुमी मरा निवांत." आप्पा डोळे न उघडता म्हणतात, "बघा. हिला आतापासनंच सवय झाली."

हे सगळं मी कारखान्यात सांगतो, लोक पोट धरून हसतात. आप्पांच्या गोष्टी सांगण्यात माझा हातखंडा आहे. फक्त तालमीतला एक प्रश्न मी कधी कुणाला सांगितला नाही.

सगळं झालं, चावी सापडली, धार निघाली, की आप्पा जरा थांबतात आणि विचारतात, "मंदाला कोण फोन लावणार?"

"मी," मी म्हणतो.

"लाव."

"लावला होता, आप्पा. तिला जमत नाही म्हणाली. वांग्याचा तोडा चाललाय."

"बरं," आप्पा म्हणतात. "बरोबर हाय तिचं. तोडा कसा सोडणार." आणि उठून बसतात. तालीम संपते.

मी फोन लावलेला नसायचा. एकाही वर्षी नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. बाप गेला की दहावा-तेरावा उरकतो, वारस म्हणून बहिणींची नावं सातबाऱ्यावर लागतात, आणि शाई वाळायच्या आत बहिणींना जीपमध्ये घालून रजिस्टर ऑफिसात आणतात. तिथं त्या लिहून देतात की माझा हक्क मी राजीखुशीनं सोडते. त्याला हक्कसोड म्हणतात. त्या दिवशी बहिणीला साडी घेतात, हॉटेलात जेवायला नेतात. या सगळ्याच्या बदल्यात तिला माहेर मिळतं. माहेर हा शब्द त्या कागदावर नसतो, पण दोन्हीकडची माणसं तोच धरून सही करतात. जी सही करत नाही तिला भाऊबीजेला कुणी विचारत नाही. मी जगावेगळं काही केलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरंही आहे, आणि त्यानं काही फरक पडत नाही.

आबांच्या तेराव्यानंतर मीही मंदाला तसंच नेलं. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. ऑफिसातल्या पोरानं "ताई, कॅमेऱ्यात बघा" म्हटल्यावर तिनं पदर सारखा केला आणि लग्नातल्यासारखी हसली. तो हसरा फोटो त्या कागदावर छापून आलाय.

त्या दिवाळीला मी तिला आणायला गेलो नाही. कारखान्यात डबल ड्यूटी होती. पुढच्या दिवाळीलाही होती. ड्यूटी मागितली की मिळते. खरं सांगायचं तर जिचं घेतलं तिच्यासमोर बसून फराळ करणं मला जमणार नव्हतं. ती एकदा जरी भांडली असती तरी मला बोलायला तोंड मिळालं असतं. ती भांडली नाही. हळूहळू तिनंही यायचं सोडलं. नदीपलीकडं, दौंड तालुक्यात, खुटबावला असते ती. पूल ओलांडला की घटकाभराचा रस्ता. मी तेवढ्या रस्त्याला अमेरिकेएवढा करून ठेवला.

आणि तालमीला तिला बोलावलं असतं तर आप्पांनी सगळ्यांदेखत काय विचारलं असतं, याची मला धास्ती होती. आप्पा जमिनीचं काही तिच्या नावानं करतील ही धास्तीही होती. लिहायचंच ठरवलंय तर दोन्ही लिहितो. दुसरी थोडी जास्तच होती.

गेल्या वर्षी अमावस्येच्या अलीकडं मी सामान पोचवायला गावी गेलो होतो. आप्पा गोठ्यात होते. काकी परसात डाळ पाखडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दत्ता, तू मंदाला एकदा तरी सांगितलंस का रं?"

मी म्हणालो, "काय?"

"उगं येडं घेऊ नगं. मी पोरगी वाढवलीया. आप्पा मरत्यात म्हणून सांगितलं आन् ती वांगी तोडत बसली, आसं व्हईल का कवा?"

मी खाली सांडलेली डाळ वेचायला लागलो.

"ह्यांना बी म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"तू फोन लावत न्हाईस ते. पयल्या वर्षीपासनं म्हाईत हाय."

"मग मला दर वर्षी कशाला विचारतात? स्वतः का लावत नाहीत?"

काकीनं सूप खाली ठेवलं. "कुठल्या तोंडानं लावत्याल? त्या कागदावर साक्षीदार कोण हाय?"

मला आठवलं. मला आठवायची गरज नव्हती, मीच त्यांना सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं होतं. दोन साक्षीदार लागतात. एक आमच्या कारखान्यातला माणूस. दुसरे आप्पा.

"दोन दिवस जेवलं न्हाईत त्या टायमाला," काकी म्हणाली. "म्हनले, मेंढरं होती तवा पोरीच्या लग्नात तिच्या नावाची मेंढी सोडायचो. कळपात भावाकडंच ऱ्हायाची, पर तिची कोकरं तिचीच. कानाला खूण आसायची. जमीन आली आन् आमी खुणाच पुसल्या. आन् मी त्याला साक्षीदार. तवापासनं हे बाजेवरचं खूळ हाय. तुमाला वाटतंय बँकंपाई. बँकेचं काय, ते तर तू बी बघितलं आसतंस. ह्यांना पोरीला येकडाव बोलायचंय. जित्तेपणी तोंड न्हाई, म्हणून मरून बघत्यात."

गोठ्यातून आप्पांचा आवाज आला, "दत्ता, आला का रं? उलीसा चारा टाक हिकडं." मी चारा टाकायला गेलो. आप्पा म्हशीशी बोलत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "बारीक झालास. सुनबाईची एक सरी कमी." मला हसू आलं नाही. त्यांनाही ते कळलं असावं. ते पुन्हा म्हशीकडं वळले.

त्या दिवशी शिरूरकडं न जाता मी गाडी पुलावर घातली.

मंदा वांग्यातच होती. मला बांधावर बघून तिच्या हातातलं घमेलं खाली आलं. "दादा? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग तू कसा आलास?"

 मी म्हणालो, "आप्पा मरणारेत. अमावस्येला. न्याहारी झाल्यावर."

 मग मी तिला सगळं सांगितलं: बाज, पटका, पोटावरचे हात, गेणूभाऊंच्या चपला. ती बांधावर बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. अगदी लहानपणी हसायची तशी, आवाज न करता, खांदे हलवत. हसता हसता तिनं विचारलं, "दर वर्षी करत्यात?"

"दर वर्षी."

"आन् मला कुणीच..."

"ते दर वर्षी विचारतात. मंदाला फोन लाव म्हणतात. मी सांगतो, तिला जमत नाही."

"मी कवा म्हणलं जमत न्हाई?"

"नाही म्हणालीस. मी विचारलंच नाही."

ती उठली आणि वांगी तोडायला लागली. मी तिच्या मागं मागं ओळीतून चालत राहिलो. ती पाठमोरीच बोलली.

"मला वाटायचं, आप्पाच म्हणले आसत्याल, सही झाली, आता पोरीचं काय काम."

"नाही गं."

"मी वाटा मागितला नव्हता, दादा. न मागता सोडला. तरी तू तोंड फिरवलंस."

"म्हणूनच फिरवलं," मी म्हणालो.

तेव्हा ती वळली. "वा रं वा. म्हंजी घ्यायचं बी तुमीच, आन् लाजायचं बी तुमीच. मग मी जायाचं कुठं?"

 तिचा नवरा लांबून "पाव्हणं, चहा ठेवलाय" म्हणून हाक मारत होता. चहा मी घेतला. तो कसा होता ते आठवत नाही. निघताना तिनं येते म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही. पिशवीत वांगी मात्र घातली.

अमावस्येच्या सकाळी आप्पांची न्याहारी झाली. पटका उशाशी, हात पोटावर. "हां. मी मेलोय. आता बोला."

आम्ही सुरू केलं. पहिला फोन, चावी, दाखला. माझं लक्ष रस्त्याकडं होतं आणि उत्तरं चुकत होती. बँकेत ज्याचं नाव तो मालक, असं मी म्हणून बसलो. प्रेत खवळलं, "आरं, एवढी वर्सं मेलो मी, ते काय उगंच?" तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. नवरा मंदाला सोडून पुढं गाडी लावायला गेला. मंदा अंगणात उभी राहिली. आतून काकी पिठाच्या हातानं बाहेर आली, दारातच थबकली, आणि तोंडावर बोट ठेवून मंदाला म्हणाली, "मेल्यात."

मंदा येऊन बाजेजवळ खाली बसली. आप्पांना काही कळलं नव्हतं. त्यांचं नेहमीच्या क्रमानं चाललं होतं.

"मंदाला कोण फोन लावणार?"

मी मंदाकडं बघितलं.

"दत्ता. इचारतोय मी."

"आप्पा, मी आलीया," मंदा म्हणाली.

पोटावरचे हात हलले आणि पुन्हा जागेवर गेले. डोळे मिटलेलेच राहिले, उलट जास्तच घट्ट मिटले.  आम्हाला वाटलं आता उठतील. ते उठले नाहीत.

"मंदे," ते म्हणाले, "मेलेल्यावर राग धरत न्हाईत, म्हणून आसंच इचारतो. त्या कागदावर माझी सही हाय. माझं चुकलं का?"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. मला वाटलं, मंदा म्हणेल, जाऊ द्या आप्पा, झालं गेलं. आमच्याकडं बायका असंच म्हणतात, आणि तसं म्हणतात म्हणून आम्ही पुरुष निभावून जातो.

"व्हय," मंदा म्हणाली. "चुकलं."

आप्पांनी मान हलवली. मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं, कानाकडं गेलं. मंदानं ते पदरानं टिपलं. "उठा आता. काकीनं पुरण घातलंय."

"ऱ्हाऊ दे जरा," आप्पा म्हणाले. "मी असा निजल्यावर सगळी येत्यात, बसत्यात. उठलो की ज्यो त्यो गाडीला किक मारतो."

ते खरं होतं. तालीम झाली, जेवण झालं, की आम्ही शिरूरचा रस्ता धरतो, आणि पुढचे कितीतरी महिने आप्पा आणि काकी, दोघंच त्या ओसरीवर. मी ते कधी त्यांच्या बाजूनं बघितलं नव्हतं.

मला त्या वेळी काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. मला ते येत नाही. मी एवढंच म्हणालो, "मंदे, बुधवारी शिरूरला येशील का? रजिस्टर ऑफिसात."

तिचं तोंड एकदम उतरलं. "आता कशाची सही?"

"या खेपेला सही माझी आहे. वकिलांशी बोललोय मी. तुझा वाटा तुला बक्षीसपत्रानं लिहून देतो. तू नुसती यायचंस."

तिनं माझ्याकडं बघितलं. विश्वास बसला असावा असं मला वाटत नाही; माझ्यावर लगेच विश्वास ठेवावा असं तिच्याशी मी काही वागलेलोही नाही. मग ती म्हणाली, "बुधवारी तोडा हाय."

"गुरवारी जावा की," मेलेले आप्पा म्हणाले.

काकी दारातच हसली. मंदाही हसली, पण उठली नाही. तशीच फरशीवर बसून राहिली, बाजेच्या माचव्याला टेकून. आप्पांनी डोळे उघडले नाहीत. नुसतं अंग उचलून ते हळूहळू भिंतीकडं सरकले, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी हात थोपटला.

"वर बस. खाली गार लागंल."